अकरा ऑप्शनची लाईन

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
उठलो. गजर साडेपाचचा होता, पण गजर हा अंदाज देण्यासाठी असतो. नवीन डायरी. बेअरिंगवाल्याकडून आलेली, प्रत्येक पानाच्या तळाला बेअरिंगचं चित्र. यंदा रोज लिहायचं आणि खरं तेच लिहायचं. चहा दोनच. रोज सकाळी लालबागहून भोईवाड्यापर्यंत चालत जाऊन परत. साखर बंद, चहातली सोडून.
चालणं उद्यापासून. आज सोमवार आहे.

संध्याकाळी ७.३०
हर्षवर्धनने केबिनमध्ये बोलावलं. शेठचा मुलगा. शाळेत होता तेव्हा माझ्या टेबलाखाली बसून होमवर्क करायचा, आता मला समोर बसवतो. म्हणाला, तुळसकर काका, परळच्या टॉवरची ऑर्डर हातात येतेय, चाळीस लिफ्ट. आपल्याच पेट्या लागणार. पेटी म्हणजे लिफ्टचा कंट्रोलर. वर जा, थांब, दार उघड, हे सगळं सांगणारी. आतला प्रोग्राम माझ्याकडे असतो.
पुढे म्हणाला, बिल्डरच्या सेफ्टीवाल्याला लेखी पाहिजे. प्रोग्राम कंपाईल करताना आपण जे अकरा ऑप्शन देतो, त्यातला एकेक काय करतो आणि तसं कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय. तारीख ३० जानेवारी.
मी म्हटलं, दोन दिवसांचं काम.
म्हणाला, आरामात करा. पण झालंच पाहिजे. नाही झालं तर प्रोग्राम स्पृहाकडे द्यावा लागेल आणि तुम्हाला फील्डला जावं लागेल. हे त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवत सांगितलं.
फील्ड म्हणजे गच्चीवरच्या मशीन रूम. हाताला ग्रीस, गुडघ्यात कळ. मी एक्कावन्न वर्षांचा.
काही वाटलं नाही. घाबरायचं कशाला? लाईन २०१२ पासून माझ्या हातात आहे.

६ जानेवारी, मंगळवार
डॉक्युमेंटची प्रस्तावना इथे कच्ची लिहून काढतो, टाईप करायला सोपं.
कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारा. त्याला काम सांगताना सोबत सूचना देता येतात, त्या ऑप्शन. जोरात पळव, जागा वाचव, जास्त शहाणपणा करू नकोस, वगैरे. आमच्याकडे असे अकरा ऑप्शन एका ओळीत आहेत. तिला ऑफिसात सगळे लाईन म्हणतात. पहिला राजरत्न सरांचा, पुढचे चार पण त्यांचेच. तीन माझे. तीन कोणाचे ते माहीत नाही, पण ज्याने घातले त्याने विचार करूनच घातले असणार. आमच्याकडे पद्धत अशी की ऑप्शन घालायचा, काढायचा नाही. चालत्या लिफ्टला कोण हात लावणार?
ज्या कॉम्प्युटरवर कंपाईल होतं त्याच्या वर भिंतीला लाईन लॅमिनेट करून लावली आहे. दसऱ्याला कॉम्प्युटरला हार, लाईनला हळदकुंकू. नवीन माणूस लागला की मी स्वतः त्याला तिथे नेतो आणि सांगतो, हिला हात लावायचा नाही. का, असं सहसा कोणी विचारत नाही. विचारलंच तर मी नुसता हसतो. छाप पडते.
प्रस्तावना छान झाली. शेवटची चार वाक्यं टाईप करताना काढायची.
चालायला गेलो नाही. गुडघा.

८ जानेवारी, गुरुवार
काल लिहिलं नाही कारण काल काही झालं नाही.
आज दहा ते एक इंटरनेटवर. मॅन्युअल लगेच सापडलं. नुसतं ऑप्टिमायझेशनच्या ऑप्शन्सचं पान एवढं लांब की माऊसचं चाक फिरवून बोट दुखायला लागलं. पण ते नव्या कंपायलरचं. आमचा कंपायलर २००९ चा. माझे तीन ऑप्शन शोधले. एक सापडला, एकाचं नाव बदललेलं, आणि तिसरा म्हणे आम्ही काढून टाकलाय. काढून टाकला! इथे आमच्याकडे व्यवस्थित चालू आहे आणि हे तिकडे बसून म्हणतात काढला.
मग जुन्या व्हर्जनचं शोधलं. एका फोरमवर कोणीतरी हाच प्रश्न विचारलेला. खाली उत्तर, मॅन्युअल वाच. त्याच्याखाली त्याने विचारलंय, कुठलं? त्यानंतर कोणीच काही बोललेलं नाही. अकरा वर्षं झाली त्याला. त्या माणसाबद्दल वाईट वाटलं.
निष्कर्ष: इंटरनेटच्या नादाला लागण्यात अर्थ नाही. खरं डॉक्युमेंटेशन पुस्तकात असतं, बाइंडिंग केलेल्या. तेच शोधायचं.
चहा चार. डोक्याचं काम होतं.

९ जानेवारी, शुक्रवार
स्पृहा टेबलाशी आली. गिरगावची मुलगी, लागून दीड वर्ष झालं, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. एक कान मोकळा करून म्हणाली, काका, ते ऑप्शन्सचं मी बघू का? पाच मिनिटं लागतील. मी म्हटलं, पाच मिनिटांत सापडतं त्याला डॉक्युमेंटेशन म्हणत नाहीत. ती म्हणाली ओके, आणि कान परत बंद.
ह्या पिढीला शोधण्यातला आनंद माहीतच नाही. सगळं आयतं पाहिजे.
हर्षवर्धनने विचारलं, कुठपर्यंत आलं? मी म्हटलं, सोर्सेस गोळा करतोय. त्याला सोर्सेस हा शब्द आवडला असं दिसलं.

१० जानेवारी, शनिवार
फाउंटनच्या फूटपाथवर गेलो. पुस्तकवाल्याला सगळं नीट समजावलं. कंपायलर, २००९, ऑप्टिमायझेशन. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, साहब, कंपायलर नहीं है, कैलक्युलस है. घेतलं. पाया पक्का असावा माणसाचा.
येताना माटुंग्याला पण एक दुकान आहे असं आठवलं. पण ऊन झालं होतं.
कॅल्क्युलस घरी नेलं तर बायको माया म्हणाली, कोण शिकतंय? मी म्हटलं, असू दे घरात. तिने ते तांदळाच्या डब्याखाली घातलं, डबा डगमगत होता.

१३ जानेवारी, मंगळवार
भरपूर काम झालं. डॉक्युमेंटचं मुखपृष्ठ पूर्ण. कंपनीचा लोगो, खाली लिफ्टचं दार, अर्धं उघडं. निळा रंग चार वेळा बदलला. अनुक्रमणिका पण केली, अकरा प्रकरणं, पान नंबर सकट. आता फक्त प्रकरणं लिहायची. तीस टक्के धरायला हरकत नाही.
सकाळी चाललो. भारतमाता थिएटरपर्यंत. सिग्नल लागला म्हणून परत फिरलो.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. स्वप्नील सगळ्यांना तिळगूळ द्यायला वर आला. हा आमच्या फील्डचा इनचार्ज. आधी प्रोग्रामिंगला होता, माझ्या हाताखाली. हुशार होता, नाकारत नाही. पण २०१७ ला त्याने लाईनमधला एक ऑप्शन काढून कंपाईल केलं. न विचारता. म्हणे, काका, हा असला काय नि नसला काय, सारखंच वाटतंय, बघू या ना. मी वेळेत पकडलं. तडक शेठच्या केबिनमध्ये गेलो, शेठ तेव्हा होते. पंधरा दिवसांत त्याची फील्डला बदली. लाईन वाचली.
त्या वेळी त्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांना सॉफ्टवेअरमध्ये आहे असं सांगितलेलं. पुढे काय झालं मी विचारलं नाही. नंतर त्याचं दुसरीकडे झालं, म्हणजे ते मोडलंच असणार.
आज वाकून तिळगूळ दिला. म्हणाला, काका, लाईन कशी आहे? मी म्हटलं, आहे तशी आहे. हसला. मनात काही ठेवत नाही पोरगा, हे चांगलं आहे त्याचं.
वडी कडक होती. दाढ दुखतेय.

१७ जानेवारी, शनिवार. दुपारी ४
भायखळ्याला राजरत्न सरांकडे जाऊन आलो. सर २०१२ च्या जूनमध्ये रिटायर झाले, तेव्हापासून येतो येतो म्हणत होतो. साडेतेरा वर्षं म्हणजे काही फार नाहीत, मध्ये लॉकडाऊन पण होता.
सर भाजीबाजाराच्या मागे राहतात. ओळखलं लगेच. हल्ली विहारातल्या लायब्ररीचं कॅटलॉग करतात, घरभर कार्डं पसरलेली. एकेक कार्ड हातात घेऊन दाखवत होते. पुस्तकाचं नाव, कोणी दिलं, कधी दिलं, कुठल्या पानाला वाळवी. म्हणाले, प्रफुल्ल, आपण लाईनचं असं लिहून ठेवायला पाहिजे होतं रे. चूक माझी.
विचारलं, सर, ते तुमचे चार ऑप्शन कशासाठी होते? त्यांनी हातातलं कार्ड बाजूला ठेवलं. मग म्हणाले, खरं सांगू? एका मासिकात आले होते. लिफ्ट जरा फास्ट होईल असं वाटलं. झाली की नाही काय माहीत, आपण मोजलं कुठे!
सरांचा विनोदी स्वभाव अजून तसाच आहे.
निघताना जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, पण तू तर ह्या भानगडीत एकदा पडला होतास ना? मी सोडल्यावर दोन-तीन महिन्यांत फोन केलेलास मला. सर, एक गंमत सापडलीय म्हणून. मी बसमध्ये होतो, काही ऐकू आलं नाही. मग तुझा फोन आलाच नाही.
मी म्हटलं, दुसऱ्या कोणाचा असेल.
वय झालं सरांचं. बहात्तर-त्र्याहत्तर म्हणजे गल्लत होणारच. दुसरा कोणीतरी असेल.

संध्याकाळी ६
दुसराच कोणीतरी असेल.

१९ जानेवारी, सोमवार
पहिलं प्रकरण लिहून संपवलं! हा ऑप्शन मला पाठ आहे. ओ-झिरो. म्हणजे ऑप्टिमायझेशन शून्य, कंपायलरने स्वतःची अक्कल चालवायची नाही. कारण साधं आहे. दार उघडल्यावर चार सेकंद थांबावं म्हणून आम्ही प्रोग्रामला आकडे मोजायला बसवलंय. नुसतेच आकडे, एकपासून काही लाखांपर्यंत. कंपायलरला अक्कल चालवू दिली तर तो म्हणतो, ह्या मोजण्यातून काही निघत नाही, आणि मोजणंच उडवतो. मग दार थांबत नाही. २०१० ला टेस्टिंगच्या वेळी दारात सरांचा डबा चेपला, भाजीसकट. दुसऱ्या दिवशी सरांनी शून्य बसवलं.
चार पानं झाली. डब्याची आकृती पण काढली.
स्पृहा मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, पण काका, पहिलंच शून्य दिलंय तर मग बाकीचे दहा... मी म्हटलं, मला लिंक लागलीय, आता मध्ये बोलू नकोस.
अकरातला एक म्हणजे नऊ टक्के. पण अवघड होता तो झाला, म्हणून पन्नास धरतो.

२० जानेवारी, मंगळवार
दहा राहिले. आज विश्रांती, म्हणजे डोकं ताजं राहतं.

२१ जानेवारी, बुधवार
डोकं ताजं. दाढ दुखतेय.

२३ जानेवारी, शुक्रवार
पद्धत सापडली. मॅन्युअल नाही तर नाही, अनुभव आहे ना! बावीस वर्षांचा अनुभव हेच मॅन्युअल. एका बैठकीत दहाही प्रकरणं लिहिली. दुसरा ऑप्शन: हा प्रोग्रामला स्थैर्य देतो. तिसरा: हा स्थैर्यात भर घालतो. चौथा: दुसऱ्या आणि तिसऱ्याने दिलेलं स्थैर्य हा टिकवून धरतो. सातव्यापर्यंत हात बसला. अकराव्याला लिहिलं, हा नसता तर आज चित्र वेगळं असतं. संदर्भाच्या जागी सगळीकडे 'अंतर्गत'.
पानं बावन्न. ऑफिसातलं सगळ्यात जाड डॉक्युमेंट. स्पायरल करून घेतलं, वर प्लास्टिक.
हर्षवर्धनच्या टेबलावर ठेवलं. तो दादरला मीटिंगला गेलेला. बरं झालं, शांतपणे वाचेल.

२६ जानेवारी, सोमवार
सकाळी बिल्डिंगखाली झेंडावंदन. सेक्रेटरी म्हणाले, तुळसकर, तुमच्या लिफ्टचं दार जरा जास्तच वेळ थांबतं हो. मी म्हटलं, तेच तर काम आहे. चार लोकांनी ऐकलं.
सुट्टीचा दिवस. पूर्ण डॉक्युमेंट परत वाचायचं ठरवलं होतं. वाचलं नाही. खिडकीत बसलो. समोर नव्या टॉवरचं काम चालू आहे, क्रेन एकदा डावीकडे जाते, एकदा उजवीकडे. किती वेळ बसलो कळलं नाही. मायाने दोनदा हाक मारली म्हणे, जेवक येतास ना? मला ऐकू आली नाही. मग जवळ येऊन विचारलं, अहो, ऑफिसात काही झालंय का? मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही. आत काही असेल तर बाहेर येईल ना! आत शोधलं तर काहीच हाताला लागलं नाही.
वरणात मीठ नव्हतं. मी खाल्लं. नंतर तिनेच सांगितलं की नव्हतं.

२८ जानेवारी, बुधवार
हर्षवर्धनने डॉक्युमेंट परत दिलं. रागावला नाही. म्हणाला, काका, मेहनत दिसतेय. डब्याचं चित्र सुंदर आहे. पण दहा ठिकाणी फक्त स्थैर्य लिहिलंय. सेफ्टीवाला विचारेल, कुठल्या मॅन्युअलचं कुठलं पान? मी म्हटलं, तो अनुभवाचा भाग आहे. तो म्हणाला, परवा द्यायचंय. उद्या स्पृहा तुमच्यासोबत बसेल.
सोबत. शब्द चांगला निवडला. म्हणजे लीड मीच.
संध्याकाळी पायऱ्या उतरताना अचानक भीती वाटली. कशाची ते कळलं नाही. परवाच्या तारखेची नव्हती. उद्याची होती. कॉम्प्युटरच्या जवळ कोणी बसू नये असं वाटलं. वडापाव खाल्ला, मग गेली.

२९ जानेवारी, गुरुवार. दुपारी १.४५
जसं झालं तसं लिहितो.
दहा वाजता स्पृहा लाईनच्या कॉम्प्युटरवर बसली, मी शेजारी खुर्ची घेतली. म्हणाली, आधी मशीनमध्येच बघू, जुन्या व्हर्जनचं मॅन्युअल कोणी ना कोणी ठेवलेलं असतं. मी म्हटलं, इथे काही नाही, मी बघितलंय. ती म्हणाली, सर्च मारते नुसता. मी म्हटलं, चहा घेऊ या आधी. ती म्हणाली, तुम्ही घ्या ना.
सापडलं. प्रफुल्ल नावाच्या फोल्डरमध्ये, आत 'इतर', त्याच्या आत 'जुने'. ऑप्टिमायझेशनच्या ऑप्शन्सचं पान, आमच्याच व्हर्जनचं, जसंच्या तसं सेव्ह केलेलं. तारीख १४ ऑगस्ट २०१२.
ती म्हणाली, काका, तुमच्याकडेच होतं की!
उघडलं. तिने वाचून दाखवलं. वरच्याच भागात सरळ लिहिलंय. ऑप्टिमायझेशन शून्यावर असेल तर बहुतेक सगळे ऑप्टिमायझेशनचे ऑप्शन बंदच राहतात, एकेकाचं नाव घेऊन दिले तरी. म्हणजे पहिल्या शून्यानंतर बाकीचे दहा नुसते उभे आहेत. मी म्हटलं, बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. ती म्हणाली, बघू या. लाईन आहे तशी ठेवून एकदा कंपाईल केलं. दहाही ऑप्शन काढून एकदा केलं. दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून बघितल्या. एका अक्षराचा फरक नाही.
मी म्हटलं, परत कर. तिने परत केलं. नाही.
हर्षवर्धन येऊन उभा राहिला. सगळं ऐकलं. म्हणाला, म्हणजे इतकी वर्षं आपण ह्याला हळदकुंकू वाहतोय? कोणी हसलं नाही. मग मला विचारलं, काका, हे पान तुम्ही सेव्ह केलेलं?
मी म्हटलं, आठवत नाही.
तो म्हणाला, बरोबर आहे, चौदा वर्षं होत आली. स्पृहा पण म्हणाली, मलापण काही आठवत नाही मी काय काय सेव्ह केलंय ते. दोघंही चांगल्या घरची मुलं आहेत.

३० जानेवारी, शुक्रवार
डॉक्युमेंट गेलं. एक पान. ऑप्शन एक, ओ-झिरो, कारण दोन ओळी, मॅन्युअलचा संदर्भ. दहा ऑप्शन काढले. सेफ्टीवाल्याचा दुपारीच फोन आला, इतकं स्वच्छ डॉक्युमेंट पहिल्यांदा बघितलं म्हणाला. ऑर्डर पक्की.
स्पृहाने मुखपृष्ठ वापरू का विचारलं. एका पानाला कशाला मुखपृष्ठ, मी म्हटलं.
साडेचारला हर्षवर्धनने बोलावलं. म्हणाला, काका, प्रोग्रामिंगला आता दोन माणसं लागणार नाहीत. चाळीस लिफ्ट बसवायच्या तर फील्डला अनुभवी माणूस पाहिजे. सोमवारपासून. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, चालेल. तो म्हणाला, थँक्यू काका. मी पण थँक्यू म्हटलं. कशाबद्दल, माहीत नाही.
बस पकडायच्या आधी स्वप्नीलचा फोन आला. काका, सोमवारी नऊला परळच्या साईटवर. घाई नका करू, साडेनऊ झाले तरी चालतील. लिफ्ट अजून सुरू नाहीत, तेव्हा गुडघ्याला पट्टा लावून या. पहिले काही दिवस मी तुम्हाला वर चढायला लावणार नाही.
मी म्हटलं, बरं सर. तो म्हणाला, सर काय काका, तुम्हीच शिकवलंय मला.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
माया मच्छी आणायला गेलीय. घरात कोणी नाही.
आठवतं.
१४ ऑगस्ट, मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून ऑफिस लवकर रिकामं झालं. मला सीनियर होऊन दोन महिने झालेले. लाईन आपल्या हातात आलीय तर एकदा नीट समजून घेऊ म्हणून मॅन्युअल वाचायला बसलो. ते वाक्य वाचलं. दहा ऑप्शन काढून कंपाईल करून बघितलं. फरक नाही. मला हसू आलं. खरंच हसू आलं, एकटाच होतो तरी. सरांना फोन लावला. त्यांना ऐकू येत नव्हतं. ठेवला. पान सेव्ह केलं, सगळ्यांना दाखवायला.
सुट्टीनंतर कामावर आलो तर शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, राजरत्न गेले तरी मला काळजी नाही, लाईन तुळसकरांच्या हातात आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कसं सांगणार? सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी नवीन मुलगा लागला होता, त्याला लाईन दाखवायला घेऊन गेलो.
नंतर एकदा दहा-बारा दिवस ते आठवलंच नाही. मग महिनाभर नाही. मग खरंच नाही.
स्वप्नीलच्या वेळी आठवलं होतं. त्याने ऑप्शन काढला आणि म्हणाला, सारखंच वाटतंय, तेव्हा स्वच्छ आठवलं. तो बरोबर होता. मला माहीत होतं. शेठच्या केबिनपर्यंत वीस पावलं आहेत, ती सगळी मला माहीत असताना चाललो. आत जाऊन म्हटलं, पोरगा बेजबाबदार आहे. तो बाहेर उभा होता, काचेतून दिसत होता, हात मागे बांधून.
त्याला सांगायचं. तुझं बरोबर होतं, एवढंच. एका वाक्याचं काम आहे.
उद्या नको, उद्या पहिलाच दिवस. ह्या आठवड्यात कधीतरी.